पंढरीच्या वाटेवरील पडशी

आषाढी एकादशीचे वेध लागले की बीड जिल्ह्यातील पाली गावी माळ्यावरच्या पडशा खाली उतरतात. मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठ सरता सरता बीडमार्गे याच सोलापूर रस्त्याने पुढे जाते. बिंदुसरेचा तलाव मागे पडतो न पडतो, तोच मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. पाठीवर काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे, याचा निवाडा बालाघाटची ती चढण पहिल्याच दिवशी करून टाकते.

पालीतील एका वृद्ध माउलीचा निवाडा मागील वर्षी तिच्या विरुद्ध गेला. खांदा सुजला, आणि चौसाळ्याहून परत फिरावे लागले. यंदा आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो असता नातवाने पडशी किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलून आणली. साडेआठ किलो! माउलींचे स्वतःचे वजन पंचेचाळीस. लांब चालणारे जाणते लोक वयस्करांसाठी अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा पुरे मानतात. म्हणजे निम्मे ओझे कमी करणे प्राप्त होते.

कोणी म्हणेल, दिंडीचे सामान ट्रकमधून जाते, मग ही चिंता कशाला? परंतु ट्रक पुढच्या मुक्कामी असतो आणि पाऊस वाटेत गाठतो, हे वारकऱ्यास सांगावे लागत नाही.

प्रथम गोधडी निघाली. सुती गोधडी भिजली की दगडासारखी जड होते आणि लवकर वाळत नाही. घोंगडीचे तसे नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. मात्र घोंगडी घेताना डोळे उघडे ठेवावेत. विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे विरळ विणीची घोंगडीही दुकानात ताठ आणि दाट भासते. ती उजेडासमोर धरावी, कोपरा चुरगळून पाहावा. शिवाय दोघांच्या अंथरुणाएवढी मोठी घेण्याचा मोह टाळावा. एकट्यापुरती लहान घोंगडी आणि वरून घ्यावयास प्लास्टिकचा कागद, एवढ्याने वारी निभते.

नातवाने शहरातून नायलॉनची सॅक आणली होती. वजनाने ती खरोखर हलकी. आम्ही पूर्वी अशाच एका सॅकच्या रंगास भुललो होतो. घाटात तिचा पट्टा शिवणीतून उसवला आणि उरलेली वाट ती कडेवर घेऊन चालावी लागली! तेव्हापासून पट्ट्याचा जोड दोन्ही हातांनी ओढून पाहिल्याशिवाय आणि शिवणीवर तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय आम्ही कोणतीही सॅक पसंत करीत नाही. माउलींची परीक्षा याहून कडक होती. पाच किलो ज्वारी सॅकमध्ये भरून त्या आठ दिवस पहाटे तलावापर्यंत जाऊन आल्या. नवव्या दिवशी निकाल दिला, "पट्टा मानेला काचतो. आपली पडशीच बरी, पुढं-मागं भार वाटून घेते." सॅक नातवाकडे परत गेली.

येथे सातासमुद्रांपलीकडील एका आजीबाईंची आठवण होते. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड या सदुसष्ट वर्षांच्या बाई अपालाचियन पर्वतातील सुमारे ३,३०० किलोमीटरांची पायवाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली कापडी झोळी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा! आमच्या माउलींना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आणि खायाचं काय करायची ती?"

त्या प्रश्नासरशी त्यांनी आपल्या पडशीतला लाडवांचा डबा बाहेर काढला. वाटेवर गावोगावी अन्नदान होते. भुकेला वारकरी कोणी विन्मुख जाऊ देत नाही. मग पितळी ताट गेले, तांब्या गेला, तिसरे लुगडे गेले. ज्ञानेश्वरीची मोठी पोथी देवघरात परतली. हरिपाठ तर मुखोद्गतच. उरले सासूबाईंचे पितळी तुळशीवृंदावन. दीड किलोचे. नातवाने फायबरचे हलके वृंदावन सुचविले.

"ते ऱ्हाऊ दे," माउली म्हणाल्या, "त्याच्यासाठीच तर बाकीचं काढलं."

पडशी आणि वृंदावन पुन्हा काट्यावर गेले. एकूण साडेचार किलो भरले. वृंदावनात ओली माती घातल्यावर वजन थोडे वाढेल, असे नातू म्हणाला. पण तोवर माउली तुळशीचे रोप आणावयास परसात गेल्या होत्या.