कचारगडची गुहा, हाजराचा डोह आणि ऐकीव गोष्टी

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडबद्दल एक वाक्य हमखास कानावर पडते : ही आशियातली सर्वांत मोठी गुहा. ते खरे नाही. व्हिएतनाममधली सोन डूंग ५ किलोमीटरहून लांब आहे, तर मेघालयातली क्रेम पुरी तब्बल २४ किलोमीटरहून अधिक. कचारगडला अशा बिरुदाची गरजही नाही. माघ पौर्णिमेला ‘जय सेवा’च्या गजरात अनेक राज्यांतले गोंड भाविक धनेगावहून इथे चढून येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांना गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगोंनी सोडवले, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे ही पार्टी करण्याची, भिंतीवर नाव कोरण्याची जागा नव्हेच.

कड्याकपारींत आग्या मोहोळ असते. माश्या उठल्या की पाण्यात उडी मारावी, असे सांगतात. पण माश्या पाण्यावर घोंगावत राहतात आणि डोके वर काढताच डसतात. तोंड झाकून, न थांबता दूर पळावे.

याच तालुक्यातला, दरेकसा स्टेशनजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात गजबजतो. ‘पट्टीच्या पोहणाऱ्याला डोहाची कसली भीती?’ हा तिथला सर्वांत घातक समज. धार जिथे आदळते तिथेच तळ खोल खणला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही. विहिरीत कमावलेला आत्मविश्वास इथे उपयोगी पडत नाही. वर आभाळ मोकळे असले, तरी डोंगरावर पाऊस कोसळला की पाणी मिनिटांत चढते. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहायला नव्हे, नुसते पाण्यात उभे होते.

आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावर? त्याला उलटे धरतात, पोट दाबून पाणी काढतात. गावोगावी हेच चालते आणि यातच जीव जातो. पोट दाबले की उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालत नसेल तर माणसाला सपाट जमिनीवर उताणे निजवावे, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध जोरात ३० दाब, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत थांबू नये.

बुडणाऱ्यामागे स्वतः उडी घेऊ नका. ओढणी, काठी, दोर, रिकामा कॅन, हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका आणि लगेच १०८ ला फोन लावा.