जिन्याचं दार, मोबाइलची नोंद

मुंबईतल्या अँटॉप हिलच्या जुन्या वसाहतींशेजारी आता उंच मनोरे उभे आहेत. अशा मनोऱ्यांत आग लागली की ज्वाळांपेक्षा धूर अधिक घातक ठरतो. त्याला जिन्याबाहेर अडवतं अग्निरोधक दार. पण वाऱ्यासाठी तेच वीट लावून उघडं ठेवलं जातं!

परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी आगीत चौघे दगावले. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत परवानाधारक संस्थेचा तपासणी-दाखला लागतो. या तपासणीत मोबाइल ॲप वापरणारा तपासनीस जिन्याच्या दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, दार सोडून पाहतो: आपोआप पूर्ण मिटतं का? बिजागऱ्या, फट, उष्णतेनं फुगणारी पट्टी यांचे फोटो तारीख-वेळेसह नोंदले जातात. घरबसल्या रकाने भरणं मग अवघड होतं, आणि दार आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर बिघडला असेल तर ते सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी कळू शकतो.