अकरावीची विषयनिवड

सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. तेथील प्रवेशाची पूर्वतयारी मात्र अकरावीच्या विषयनिवडीपासूनच होते. वैद्यकीय शिक्षणास जीवशास्त्र आणि 'नीट', तर अभियांत्रिकीस सर्वसाधारणपणे गणित आणि सामायिक प्रवेश परीक्षा आवश्यक असते. औषधनिर्माणशास्त्रास भौतिक व रसायनशास्त्रासमवेत यांपैकी कोणताही एक विषय चालतो. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सर्व शाखांना खुला आहे. निर्णय होत नसल्यास गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. अभ्यासाचा भार मात्र वाढतो. धास्तीने सोडलेला विषय पुढे पुन्हा घ्यावयाचा तर वर्ष खर्ची पडते. विड्या वळून मुलांना शिकविणाऱ्या मातेस ते परवडत नाही. यास्तव दहावीच्या निकालापूर्वीच शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांना ही माहिती देणे अगत्याचे आहे.