हजेरीपटावर नसलेला वायरमन

1 जुलै 1998ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आयटीआय झालेल्या पोराची नजर वीज मंडळावर असे. वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र, मग शिकाऊ उमेदवारी, मग जाहिरातीची वाट. मोठे कारखाने जिल्ह्यात नव्हते, त्यामुळे तारेचं काम शिकलेल्याला कायमची नोकरी देणारं दुसरं दार जवळपास नव्हतंच.

लाइनमन एक आणि गावं अनेक. सोयाबीन निघून हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की डीपीवर भार चढायचा, फ्यूज उडायचा आणि लाइनमन दुसऱ्याच गावी अडकलेला असायचा. मग गावातला एखादा धीट पोरगा पुढे व्हायचा. आधी खालून पक्कड द्यायला, पुढे फ्यूज बांधायला, शेवटी थेट खांबावर. हाच झिरो वायरमन. त्याला पगार नाही, विमा नाही, परवाना नाही; शेतकरी वर्गणी करून देतील तेवढीच कमाई.

6 जून 2005ला मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि वितरण महावितरणकडे आलं. ते भारनियमनाचे दिवस होते. पुढे गावठाण फीडर वेगळे होत गेले, तसा घरातला उजेड टिकू लागला. शेतीच्या थ्री फेजची पाळी मात्र कधी दिवसा, कधी रात्री. झिरो वायरमनचं निम्मं काम त्यामुळे अंधारात गेलं.

11 केव्ही तारेवर चढण्याची रीत ठरलेली आहे. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, एबी स्विच उघडायचा, तार डिस्चार्ज करून अर्थ करायची, मगच हात लावायचा. परमिट झिरो वायरमनच्या नावावर निघत नाही. ‘बंद केलंय, चढ’ एवढ्या फोनवरच्या शब्दावर तो चढतो. फीडर चुकीचा बंद झाला, किंवा कुणाच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह आला, तर खेळ संपला. कामगार म्हणून नोंदच नसल्यानं, तो खांबावर कुणाच्या सांगण्यावरून गेला हे सिद्ध करणं घरच्यांवर येतं. गेल्या अडीच दशकांतलं मला सर्वांत जास्त सलतं ते हे.

2016मध्ये तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना आली. विचार योग्य होता. पण अट आयटीआयची, आणि वर्षानुवर्षं गाव सांभाळणाऱ्या अनेकांकडे नेमकं तेच नव्हतं. कंपनीतली भरतीही बदलली: विद्युत सहायक म्हणून तीन वर्षं ठरावीक मानधन, नंतर तंत्रज्ञ, शिवाय कंत्राटी कामगार. दूरसंचारातही कायमच्या जागा आटल्या. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्तीत देशभरातले सुमारे 78 हजार कर्मचारी 31 जानेवारी 2020ला एका दिवसात बाहेर पडले.

आता सौरऊर्जा आली आहे. 2023पासून सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा, 2024मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचे दहा टक्केच भरायचे आणि पाणी दिवसा द्यायचं, याचा मला मनापासून आनंद आहे. रात्रीच्या पाळीतला साप-विंचू ज्यानं पाहिलाय त्यालाच त्याची किंमत कळते. पण पंप बसवणारी कंपनी बाहेरची असते आणि कंट्रोलर बंद पडला की शेतकरी तक्रार नोंदवून पुन्हा गावातल्या त्याच पोराला हाक मारतो.

पुरवठादारावर दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षांची आहे. म्हणजे या योजनेतले पहिले पंप 2029-30च्या सुमारास गावाच्या भरवशावर येतील. अनुभवावरून कौशल्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तालुक्याच्या आयटीआयनं गावोगावच्या झिरो वायरमनची यादी करून त्यांची परीक्षा घ्यावी, सौरपंपाचं प्रशिक्षण द्यावं आणि विमा काढूनच त्यांना कामावर पाठवावं. 2029 फार लांब नाही.