संगणकाच्या तबकडीची आवराआवर

मुंबईच्या उपनगरांत, मग ते अंधेरी असो वा मुलुंड, जागा थोडी आणि सामान फार ही गृहिणीची नित्याची अडचण असते. नवी वस्तू घरात आली की जो कोपरा रिकामा सापडेल तेथे ती ठेवावी लागते. आणि वस्तू मोठी असली, तर तिचे भाग सुटे करून काही माळ्यावर, काही पलंगाखाली ठेवण्याची पाळी येते. वस्तू हरवत नाही. परंतु ती हवी झाली म्हणजे घरभर फिरावे लागते. घरच्या संगणकातही नेमका हाच प्रकार घडतो, आणि संगणक मंद झाल्याच्या तक्रारीचे एक कारण त्यात सापडते.

जुन्या पद्धतीच्या संगणकात सर्व मजकूर हार्ड डिस्कवर साठविलेला असतो. तीत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात व त्यांच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता एक सूक्ष्म वाचनशीर्ष आत-बाहेर सरकत असते. एखादी फाईल पुसली म्हणजे तिची जागा मोकळी होते. पुढे त्याहून मोठी फाईल आली, तर तिचा काही भाग या मोकळ्या जागेत आणि उरलेला दुसरीकडे लिहिला जातो. कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद संगणक ठेवतो, म्हणून मजकूर अखंड राहतो. मात्र तो वाचण्यास वेळ अधिक लागतो.

हा वेळ किती, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद जातात. शीर्ष सरकण्यास आणखी ९ मिलिसेकंद धरले, तर प्रत्येक उडीस १३ मिलिसेकंद झाले. एका फाईलचे हजार तुकडे विखुरलेले असतील, तर तेवढ्यानेच १३ सेकंद वाया जातात. हे तुकडे सलग लावून देणे यालाच डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात.

मग यासाठी कोणते साधन निवडावे? पण त्याआधी आपल्या संगणकात कोणती डिस्क आहे हे पाहिले पाहिजे. अलीकडच्या बहुतेक संगणकांत फिरती तबकडी नसून सॉलिड स्टेट ड्राइव्ह असतो. त्यात हलणारे शीर्षच नसल्यामुळे तुकडे जवळ आणून जाणवण्याजोगा लाभ होत नाही. उलट त्यातील पेशी ठराविक वेळाच लिहिता-पुसता येत असल्याने निष्कारण पुनर्लेखनाने आयुष्य मात्र झिजते. त्याला 'ट्रिम' नावाची निराळी क्रिया पुरते. अशा यंत्रासाठी डिफ्रॅगमेंटेशनचे साधन विकत घेणे म्हणजे नळ असलेल्या घरात विहिरीचा रहाट आणून बसविण्यासारखे आहे.

विंडोजच्या शोधपट्टीत रोमन अक्षरांत 'डिफ्रॅग' असे लिहिल्यास जी खिडकी उघडते, तीत प्रत्येक डिस्कचा प्रकार नोंदलेला असतो. हीच खिडकी घरगुती उपयोगाचे पहिले साधनही होय. विंडोज एक्सपीच्या काळात हे काम गृहस्थाला आठवणीने करावे लागे, आणि डिस्कवर १५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागे. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ते ठरावीक वेळी आपोआप होऊ लागले. २०१२ च्या विंडोज ८ पासून हे साधन डिस्कचा प्रकार ओळखून तबकडीला आवराआवर व सॉलिड स्टेटला ट्रिम अशी योजना करते. बहुतेक कुटुंबांस याहून अधिक कशाची गरज नसते.

डिफ्रॅग्लर, ऑस्लॉजिक्स यांसारखी निराळी साधनेही आहेत. डिफ्रॅग्लरचा विशेष असा की, संपूर्ण डिस्कला हात न लावता निवडक फायलींचीच जुळवणी त्याने करता येते. फिरत्या तबकडीवर मोठी चित्रे वा ध्वनिमुद्रणे साठविणाऱ्यास तो उपयोगी आहे. मात्र असे साधन मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे, बसविताना सोबत येणारी इतर साधने नाकारावीत, आणि 'वेग दुप्पट करू' अशा जाहिरातीस भुलू नये. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, अपुरी असल्यास तुकडे जुळवून यंत्र चपळ होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट साधनाच्या निवडीहून वेगळी आहे. आवराआवर करताना डिस्कवरील मजकूर मोठ्या प्रमाणात हलविला जातो. डिस्क खटखट आवाज करीत असेल किंवा फायली उघडण्यास नकार देत असेल, तर ती विखुरलेली नसून आजारी आहे असे समजावे. तिला या श्रमात घालू नये. आधी तीतील मजकूर बाहेर काढावा. डिस्क निरोगी असली तरी मुलांची छायाचित्रे, घराचे कागद व हिशेब यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊनच कामास हात घालावा, आणि वीज मध्येच जाणार नाही अशी वेळ निवडावी.

ही प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवूनही भागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांच्या घरांत पाणी शिरले. पाण्यात बुडालेल्या खोलीत मूळ आणि प्रत या दोहोंची गत एकच होते. म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी, एखाद्या आप्ताकडे असावी.

सारांश, डिस्क कोणती ते पाहावे, तबकडी असल्यास यंत्राबरोबर आलेल्या साधनावर विसंबावे, आणि पैसे खर्च करावयाचेच असतील तर ते दुसऱ्या डिस्कवर करावेत. आवराआवरीने वस्तू लवकर सापडते. ती टिकून राहावी यासाठी मात्र प्रतच लागते.