भावी डॉक्टर आणि अफूजन्य व्यसनाचा रुग्ण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसाहतीतील एका भगिनीच्या मुलाला घेऊन आम्ही रात्री अकराच्या सुमारास एका दवाखान्यात गेलो होतो. मुलगा पंचविशीतला, रिक्षा चालविणारा. अपघातात पाय मोडला तेव्हा दुखण्यावर मिळालेल्या गोळ्या त्याने पाय बरा झाल्यावरही सोडल्या नाहीत. पुढे गोळ्यांच्या जोडीला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. त्या रात्री दोन्ही संपले होते. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब आणि सारख्या जांभया. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "नशेखोर आहे. नाटक करतोय. घरी घेऊन जा." मुलाची आई हात जोडून म्हणाली, "साहेब, माझं लेकरू आजारी हाय, चोर न्हाई." डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले.

त्या वेळी आम्हांस राग आला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटले, या डॉक्टरांना असा रुग्ण कसा पाहावा हे कोणी शिकविले होते काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. वैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु त्या रात्रीनंतर जे वाचले, जाणकारांना विचारून समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉईन बनते. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने हेच हेरॉईन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते. त्याचे अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर अथवा गर्द. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या कारखान्यात तयार होतात, परंतु मेंदूवर त्यांचे कामही याच जातीचे. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

ही द्रव्ये रोज मिळू लागली की मेंदू त्यांना सरावतो. तोच परिणाम मिळविण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि ती थांबली की शरीर बंड करते. आम्ही त्या मुलाच्या अंगावर पाहिली ती सारी याच बंडाची लक्षणे होती. अंगावर काटा येणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे ही सोंगे कोणास आणता येत नाहीत.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ घेतात, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज आहे. इतक्या लोकांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. त्यामुळे हा रुग्ण प्रथम पाहणारा डॉक्टर बहुधा साधा एमबीबीएसच असणार. म्हणून त्याचे शिक्षण महत्त्वाचे.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. पुष्कळांचा समज असा की, आठ-दहा दिवस कोंडून ठेवले, शरीरातील विष निघाले, की माणूस बरा झाला. वस्तुतः हाच काळ सर्वांत धोक्याचा. त्या दिवसांत शरीराची सवय मोडते, ओढ मात्र राहते. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटलेला माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो. ती आता शरीराला झेपत नाही, श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. वेळीच नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले तर असा रुग्ण काही मिनिटांत शुद्धीवर येऊ शकतो, पण बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत आणि श्वास संथ आहे, हे ओळखणारा डॉक्टर समोर हवा.

दीर्घ उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली त्यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. योग्य मात्रेत ती घेतली की ओढ थांबते, नशा चढत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असे काही जण म्हणतात. मधुमेहाच्या रुग्णाला रोज इन्सुलिन घ्यावे लागते म्हणून त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यास साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली, आणि काही वर्षांतच तेथील अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. अमेरिकेत या औषधासाठी डॉक्टरांना वेगळी परवानगी काढावी लागे. २०२२ च्या अखेरीस ती अट रद्द झाली आणि २०२३ पासून नियंत्रित औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरांना या विषयाचे ८ तासांचे प्रशिक्षण आवश्यक झाले.

आपल्याकडे एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो. तो विषय मेडिसिनच्या पोटात येतो. इंटर्नशिपमध्ये त्यासाठी दोन आठवडे मिळतात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती व संवाद यांचे धडे पहिल्या वर्षापासून आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र पुस्तकातील लक्षणे पाठ करणे निराळे आणि घामाने डबडबलेल्या रुग्णाशेजारी बसून "शेवटची गोळी केव्हा घेतलीस?" असे आवाज न चढविता विचारणे निराळे. दुसरी गोष्ट शिकवावी लागते. रुग्णाला 'गर्दुल्ला' न म्हणणे शिकवावे लागते. व्यसन असलेल्या माणसाचे हाड मोडले तर त्यालाही वेदना होतात, हे सांगावे लागते. याची दुसरी बाजूही आहे. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन देताना १९८५ च्या कायद्याच्या धास्तीने डॉक्टर कचरत. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सोपी झाली. औषधाला न भिता आणि रुग्णाला न झिडकारता काम करणे, हे दोन्ही एकाच शिक्षणाचे भाग आहेत.

या शिक्षणाची उत्तम शाळा आपल्या महाराष्ट्रातच आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि स्वतः डॉक्टर असूनही लेखनाकडे वळलेले त्यांचे पती अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. अवचटांचे गर्दवरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. डॉ. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, परंतु काम चालू आहे. तेथील विशेष असा की, पूर्वी रुग्ण असलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना सांभाळतात.

आमच्या मते वैद्यकीय विद्यार्थ्याने पाहावे ते हेच. त्याला हा रुग्ण भेटतो तो रात्री-अपरात्री, पडलेल्या अवस्थेत. सावरलेला रुग्ण दवाखान्यात कशाला येईल? तो नोकरीवर असतो, मुलांना शाळेत सोडत असतो. मग विद्यार्थ्याची समजूत होते की हे लोक सुधारत नाहीत. आपल्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे रुग्णालय 'घाटी' म्हणून साऱ्या मराठवाड्याला परिचित आहे. येथे आणि इतरही महाविद्यालयांत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सावरलेल्या चार माणसांशी तासभर बोलावे, एवढी व्यवस्था झाली तरी मोठे काम होईल.

बँकेतील अनुभवावरून एक सांगतो. एक हप्ता थकला म्हणून शहाणा अधिकारी कर्जदाराला दाराबाहेर काढीत नाही. त्याला बोलावतो, हप्ता बांधून देतो, खाते पुन्हा चालू करतो. उपचारात रुग्ण घसरला तर तेथेही हाच व्यवहार हवा.

पंचशीलातील पाचवे शील आपण सारे ग्रहण करतो. ते स्वतःच्या आचरणासाठी आहे. ज्याच्याकडून ते मोडले त्याला उंबरठ्याबाहेर लोटण्यासाठी नाही. आजारी भिक्खूची खुद्द तथागतांनी शुश्रूषा केल्याची कथा विनयपिटकात आहे. तेव्हा आपल्या घरातील, वस्तीतील असा रुग्ण लपवू नका. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कायद्याच्या कलम ६४अ खाली संरक्षण मागता येते. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर माहिती मिळते. आणि आपली जी मुले-मुली आज डॉक्टर होत आहेत, त्यांच्याशी या विषयावर अवश्य बोला.

त्या मुलाला पुढे दुसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी प्रथम त्याचे नाव विचारले, मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्याचे सारे ऐकून घेतले. औषध सुरू झाले. मधे एकदा तो घसरला, पण या खेपेस त्याला कोणी नेले नाही. आपल्या पायांनी त्यांच्याकडे परत गेला. आता सकाळी आमच्या गल्लीतून त्याची रिक्षा शाळेच्या मुलांनी भरून जाते.