जुना झाला म्हणून फुकट?

दृष्टिहीनांसाठी बनलेल्या जुन्या ऑडिओ गेमला पैसे कशाला मोजायचे, या प्रश्नामागे पहिला गैरसमज असतो तो असा, की पडद्यावर चित्रच नाही म्हणजे खेळ बनवायला फारसं काही लागलं नसणार. खरं तर चित्राचं सगळं काम इथे आवाजाला करावं लागतं. जीएमए गेम्सचा २००१ सालचा 'शेड्स ऑफ डूम' घ्या. अशा खेळात शत्रूची गुरगुर डाव्या कानात येते, खेळाडू बाणाची कळ दाबत वळत राहतो, आणि आवाज दोन्ही कानांत सारखा आला की गोळी झाडतो. तो आवाज जरा उशिरा किंवा भलत्या बाजूने आला, तर खेळताच येत नाही. ही मेहनत बहुतेक वेळा एक-दोन माणसांची असते आणि खर्च भरून काढायला गिऱ्हाइकं मोजकीच असतात.

वय झालं की हक्क संपतो, हेही खरं नाही. भारतीय कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. डोळसांचा १९९३चा मूळ 'डूम' आजही विकत घ्यावा लागतो. त्याचा सोर्स कोड १९९७मध्ये खुला झाला, तरी त्यातली चित्रं, आवाज आणि लेव्हल्स यांचे हक्क राखलेले आहेत. त्याला तीस वर्षांनी किंमत असावी आणि अंधांच्या खेळाला वीस वर्षांनीच नसावी, हा न्याय मला पटत नाही. काहीजण कायद्यातल्या अपंगांसाठीच्या सवलतीकडे बोट दाखवतात. पण २०१२ची दुरुस्ती काय किंवा २०१३चा माराकेश करार काय, जे अपंगत्वामुळे वाचता किंवा वापरता येत नाही ते तसं करता यावं यासाठी आहेत. ऑडिओ गेम मुळातच अंधांना खेळता येतो, तेव्हा तिथे ही सवलत लागू पडत नाही. काहीजण एनव्हीडीएचं उदाहरण देतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, हे खरं; पण त्यामागचे पगार देणग्या आणि अनुदानांतून निघतात. पैसे तिथेही कुणीतरी भरतंच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. जुने खेळ जुन्या विंडोजच्या फायलींवर आणि जुन्या स्पीच इंजिनांवर उभे असतात. अनेक खेळांची की, म्हणजे पैसे भरल्यावर खेळ उघडण्यासाठी मिळणारा परवाना-संकेत, एकाच संगणकाशी बांधलेली असते. संगणक बदलला, नवी की मागितली आणि उत्तरच आलं नाही, तर रीतसर पैसे भरलेला माणूसही क्रॅक शोधू लागतो, आणि त्याला चोर म्हणणं मला जमणार नाही. म्हणून माझ्या मते किंमत योग्य की नाही हे खेळाच्या सालावर ठरत नाही. विकणारा आज त्याची जबाबदारी घेतो का, यावर ठरतं. नवी की मिळत असेल, आजच्या विंडोजवर खेळ चालत असेल, तर पूर्ण किंमत मागण्यात गैर काहीच नाही. ज्याला परवडत नाही त्याला सवलत जरूर मिळावी, पण ती बनवणाऱ्याने ठरवून दिलेली हवी. आणि ज्याला हे सांभाळणं शक्य नाही, त्याने विक्री थांबवून कीची अट काढून टाकावी.